बुडालेल्या जंगलाचं माप

इनास,

परवा रेजिना वहिनींनी तुझे गमबूट मला दिले. म्हणाल्या, "सतीश, हे तुम्ही घेऊन जा. दाराशी दिसले की वाटतं, हा आत्ताच काँगोहून आलाय आणि अंघोळीला गेलाय." नाही म्हणता येईना. गाडीत बाजूच्या सीटवर ठेवले, तर मोहम्मद बिन झायद सिटीच्या पहिल्याच सिग्नलला गाडी टुंगटुंग करायला लागली. सीटवर माणूस आहे, बेल्ट लावा. तुझे बूट जडच, त्यात आत कुठेतरी वाळलेला चिखल. मी हात लांब करून बुटांना बेल्ट लावला. आवाज थांबला. मला हसू आलं, लगेच रडू आलं, आणि मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. सध्या असंच चाललंय. कशाला काय म्हणायचं तेच कळत नाही.

तू गेलास हे अजून डोक्यात शिरलेलं नाही, आणि तू जिथे गेलास ते तर मुळीच पटत नाही. आम्हा सगळ्यांच्या काळजीची एक दिशा ठरलेली होती. दरवर्षी पुराच्या दिवसांत तू काँगोच्या त्या जंगलात जायचास. कमरेएवढं काळं पाणी, पाण्यात उभी झाडं, साप, मलेरिया, लाकडाची अरुंद होडी. वहिनी रोझरी म्हणायच्या ती त्या जंगलाला उद्देशून. आमची मनालीसुद्धा विचारायची, "आलं का सुखरूप ते भावजी?" तू दर वेळी आलास. डास चावलेला, दाढी वाढलेला, आनंदात. आणि शेवटी गेलास कुठे, तर घराजवळच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, डिकीत दूध आणि केळी ठेवता ठेवता. तिथला ट्रॉल्या गोळा करणारा माणूस मला सांगत होता, "साब सामान रख रहे थे. फिर बैठ गए. मुझे लगा चप्पल ठीक कर रहे हैं." मी त्याला तेच तेच विचारत राहिलो. तोही बिचारा पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला.

तुला वसईला नेलं. वहिनी आणि तुझी शेरॉन तुझ्याबरोबर गेल्या, सगळं आटोपून परत आल्या. मी इथेच अबू धाबीत राहिलो, मुसाफ्फाच्या चर्चमध्ये तुझ्या सातव्या दिवसाच्या मिस्सेला गेलो. कधी उठायचं, कधी बसायचं, काही माहीत नाही. पुढच्या बाईकडे बघून उठबस केली. तू बाजूला असतास तर कोपरानं खुणावलं असतंस, जसं मीटिंगमध्ये खुणावायचास.

पण इनास, मुद्दा वेगळाच आहे. तो सांगितल्याशिवाय मला पुढचं काही सुचत नाही. तू गेलास त्या दुपारी तुझा व्हॉइस मेसेज आला होता. मी कॉलवर होतो, ऐकला उशिरा. तोवर वहिनींचा फोन येऊन गेला होता. म्हणजे आधी तू गेल्याचं कळलं आणि नंतर तुझा आवाज ऐकला. तू म्हणत होतास, "सतीशा, अरे आपण दोघंही चुकत होतो. पार चुकत होतो! फोनवर नाही सांगणार, मला तुझं तोंड बघायचंय. शनिवारी येतो. यल्ला, चल."

आणि हसलास.

आता याचं मी काय करू?

आपला वाद काय होता हे मी अलीकडे लोकांना समजावून सांगायला लागलोय. लोक विचारतात, तुमची मैत्री कशी झाली, आणि मला वादच आठवतो. आपलं अबू धाबीचं ऑफिस तेलवाल्यांसाठी काम करतं. मी उपग्रहाची चित्रं बघतो. मिथेन डोळ्यांना दिसत नाही, पण जमिनीवरून परत फिरलेल्या उन्हातला ठरावीक भाग तो गिळतो. किती उजेड गिळला त्यावरून हवेत तो किती आहे हे काढता येतं. विहिरीवर, पाइपवर गळती सापडली की फोन करायचा, कुणीतरी जाऊन व्हॉल्व्ह आवळतं. सरळ काम. मग एका क्लायंटला सगळाच हिशोब हवा झाला: हवेतला मिथेन वाढतोय त्यातला पाइपांचा किती आणि दलदलींचा किती. दलदलींसाठी तुला घेतलं.

पहिल्याच दिवशी तू माझ्या स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसलास आणि काँगोच्या जंगलावर बोट ठेवून म्हणालास, "इथे तुझा उपग्रह काय बघतो?"

मी म्हटलं, "ढग."

"बरोबर. आणि ढग नसले तर?"

"झाडांचे शेंडे."

"म्हणजे पाणी दिसतच नाही. आणि तू मला गॅसचा आकडा सांगणार?" असं म्हणून तू जो हसलास, तो मला त्या दिवशी अजिबात आवडला नव्हतास. मराठी आहेस हेसुद्धा मला जेवणाच्या सुट्टीत कळलं, तू डब्यातला सुका जवळा उघडलास तेव्हा. सगळी पँट्री रिकामी झाली आणि आपण दोघंच उरलो.

मी वरून मोजायचो, तू खालून. तुझं माप म्हणजे पाण्यावर तरंगती पेटी उपडी ठेवायची, बुडबुड्यांतून वर येणारा वायू त्यात साठू द्यायचा, आणि किती भराभर वाढतोय ते यंत्रावर बघायचं. तशी शेकडो मापं घेऊन सगळ्या जंगलाला गुणायचं. तुझी बेरीज नेहमी कमी यायची, माझी जास्त. तू म्हणायचास माझा वारा चुकतोय, दुसरीकडचा गॅस मी जंगलाच्या नावावर मांडतोय. मी म्हणायचो, तुझ्या पेटीतून काहीतरी सुटतंय. मग तू झाडांच्या मागे लागलास. चिखलातला वायू मुळांतून शिरून बुंध्यावाटे बाहेर पडतो, हे तुझ्या आधीही लोकांना माहीत होतं, पण तुला ते स्वतःच्या हातानं बांधून बघायचं होतं.

त्यासाठीच तर आपण रास अल खोरच्या वर्कशॉपांकडे गेलो होतो. बुंध्याभोवती बसेल अशी पारदर्शक प्लास्टिकची पेटी करून घ्यायला. तुझ्या हातात कागद, त्यावर तू काढलेलं चित्र. वर्कशॉपवाले खानसाहेब चित्र उलटसुलट करून बघत म्हणाले, "ये मछली का टँक है?"

"नहीं, पेड़ को पहनाना है."

"पेड़ को?"

"हां. उसकी साँस नापनी है."

खानसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, मलाही फार कळलं होतं अशातला भाग नाही. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "दोनों पार्टनर हो?" आपण दोघंही एकाच वेळी बोललो. तू म्हणालास हां, मी म्हटलं नहीं. त्यावरून तू परतीच्या सबंध रस्त्यात मला छळलंस.

ती पेटी आधी इथल्या खारफुटीत करून बघितली. आठवतं? थंडीतली सकाळ, पर्यटक कयाकमध्ये बसून जाताहेत आणि आपण चिखलात, एका बारक्या झाडाला मिठी मारून. यंत्रावरचा आकडा हलेचना. मी म्हटलं, "वास तर येतोय की कुजका. आमच्या मालवणच्या खाजणातही असाच येतो."

"तो वास दुसऱ्या वायूचा. खाऱ्या पाण्यात वेगळे जंतू दादागिरी करतात, मिथेनवाल्यांना जेवायलाच देत नाहीत. मिथेनला गोडं पाणी लागतं." मग तू बावखलांबद्दल बोलायला लागलास. वसईत तुमच्या वाडीत बावखल होतं, पावसाचं गोडं पाणी साठवायची ती तळी. लहानपणी तू काठी घेऊन त्याचा तळ ढोसायचास आणि बुडबुडे वर आले की ओरडायचास, मासा, मासा! आजोबा म्हणायचे, मासा नव्हे, चिखल ढेकर देतोय. तू मला ते बावखल बुजवल्याचंही सांगितलंस. कुणी बुजवलं ते नाही सांगितलंस.

झाडांचा आकडा जमेस धरल्यावर तुझं-माझं माप जवळ आलं. जुळलं नाही, पण जवळ आलं. ऑफिसात केक कापला. आणि तिथूनच आपलं खरं भांडण सुरू झालं.

मी तुला म्हणालो होतो, "इनास, उद्या पाइपवाले हाच आकडा दाखवतील. म्हणतील, बघा, जंगलच एवढं सोडतंय, आमचं काय एवढंसं."

"मग मोजायचंच नाही का?"

"मोज ना. पण..."

"पण काय?"

तू म्हणालास, जंगल हजारो वर्षं सोडतंय, त्याचा दोष नाही. हवा तापली, पाऊस बदलला, की तोच चिखल जास्त उबतो, जास्त सोडतो. हवा कुणी तापवली ते विचारा. मी म्हटलं, हे एवढं लांबलचक वाक्य स्लाइडवर कोण वाचणार? तू चिडून निघून गेलास. दुसऱ्या दिवशी मेथीचे ठेपले आणून माझ्या टेबलावर ठेवलेस.

मग या वर्षी सगळं फिरलं. शेवटच्या खेपेहून आलास आणि मॅनेजरला म्हणालास, रिपोर्ट थांबवा. मी चक्रावलो. आकडे पाठवायचेच असं म्हणणारा तू, आणि आता थांबवा? आणि मी, पाठवू नको म्हणणारा, मी भर मीटिंगमध्ये म्हणालो, "क्लायंट किती दिवस थांबणार? आहे ते पाठवू." आपल्या इजिप्तच्या साहेबांनी एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हबीबी, गेल्या वर्षी तुम्ही दोघं उलट्या खुर्च्यांवर बसला होतात." सगळे हसले. आपण नाही. लिफ्टमध्ये मी तुला विचारलं, "झालंय काय तुला?" तू म्हणालास, "अजून नक्की नाही. नक्की झालं की सगळ्यात आधी तुलाच सांगेन."

मग तो मेसेज. म्हणजे नक्की झालं होतं. बरोबर ना?

मी तेव्हापासून 'दोघंही चुकत होतो' या तीन शब्दांभोवती फिरतोय. तू कशाबद्दल बोलत होतास? आकड्यांबद्दल? की पाठवायचं-नाही पाठवायचं याबद्दल? कधी वाटतं, काम सोडून तू आपल्या मैत्रीबद्दल काही म्हणत असशील. कधी वाटतं, तू नुसता खेचत होतास. वहिनींनाही ऐकवला तो मेसेज. त्या म्हणाल्या, "मला ऐकवू नका हो परत. हसलाय बघा कसा. दूध आणायला गेला होता आणि हसतोय." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, "परत लावा."

शेरॉनला मी विचारलं, बाबा घरी काही बोलला होता का कामाबद्दल. ती फोनमध्ये बघत म्हणाली, "अंकल, ही वॉज ऑल्वेज देअर. इव्हन व्हेन ही वॉज हिअर." मग तिनं मला तिच्या फोनमधला तुझा व्हिडिओ दाखवला. होडी, पाणी, झाडांचे बुंधे, आणि तू कॅमेऱ्यामागून सांगतोयस, "शेरू, ऐक, ऐक, कसं शांत आहे." ती म्हणाली, "आय यूज्ड टू स्किप दीज." आणि तोंड फिरवलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो आणि ठेवू की नको हेच कळेना. ठेवला.

तुझे आकडे ऑफिसच्या सर्व्हरवर आहेत. मी ते रोज उघडतो. कोणती पेटी कुठे बांधली होती, कधी, कोणत्या झाडाला, हे सगळं आहे, पण तुला त्यात काय दिसलं ते त्यात नाही. साहेब केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "सतीश, इनासची सही आता होणार नाही. तू कर, नाहीतर जंगलाचा भाग काढून टाक." मी म्हटलं, मला थोडा वेळ द्या, या पुराची मापं येऊ द्यात. ते म्हणाले, "इन्शाल्ला." त्यांचा इन्शाल्ला होकार होता की नकार, ते मला बाहेर येईपर्यंत समजलं नाही. अजूनही समजलेलं नाही. फाइल मात्र त्यांनी परत मागितलेली नाही.

आणि काल सोलांजचा फोन आला.

सोलांजचं नाव तू इतक्यांदा घेतलंस की मला ती माझीही ओळखीची वाटते. तिकडे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, तुझ्याबरोबर होडीत बसणारी, तुझ्या फ्रेंचला हसणारी. पण मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. तिचं इंग्रजी तुटक, माझं घाबरल्यामुळे तुटक. ती म्हणाली, "इनास फोन उचलत नाही. नदी चढायला लागली. तो विमानात आहे का?"

तिला कुणी कळवलंच नव्हतं. वहिनी समजल्या मी कळवलं, मी समजलो ऑफिसनं कळवलं.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. पार्किंग, दूध, केळी, असं काहीतरी उगाच सांगत बसलो. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. मग ती तिच्या भाषेत कुणाशी तरी बोलली आणि एक पुरुषाचा आवाज ओरडल्यासारखा आला. तुझा होडीवाला असणार. मला वाटलं फोन कट झाला. पण ती परत आली आणि म्हणाली, "विचारा, काय विचारायचंय. मी इथे आहे."

मी तुझा मेसेज तिला सांगितला. विचारलं, कशाबद्दल बोलत होता तो?

ती विचार करून म्हणाली, "दोन गोष्टी झाल्या होत्या. गेल्या खेपेला त्यानं पेट्या उंच बांधल्या, माझ्या डोक्याच्याही वर. मी होडीत खोक्यावर उभी राहून धरत होते. खाली झाड गॅस सोडत होतं. वर मात्र काही झाडं आत घेत होती. काही झाडं. सगळी नाही."

"आत घेत होती?"

"हो. त्यानं यंत्र दोनदा तपासलं. आणि दुसरी गोष्ट. नकाशात जिथे कोरडी जमीन लिहिली आहे तिथे तो होडी घेऊन गेला. होडी चालतच राहिली. पाणी संपलंच नाही."

तो नकाशा तू वापरायचास, मीही वापरायचो. जंगल कुठे बुडतं आणि कुठे नाही, हे दोघंही त्याच्याकडूनच शिकलो होतो. आपण एवढी वर्षं भांडलो ते त्या एकाच कागदावर उभे राहून. आणि झाडं वरच्या बाजूला गॅस आत घेत असतील तर तुझी बेरीजही पुन्हा बसवावी लागेल. की एक चूक दुसरीला खाऊन टाकते? की दोन्ही मिळून भलतंच काही होतं?

"सोलांज, यातलं कोणतं? त्याला यातलं कोणतं म्हणायचं होतं?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मीही विचारलं होतं. तो म्हणाला, आधी सतीशला दाखवणार."

"सांगणार, म्हणाला असेल."

"नाही. दाखवणार. मोंत्रेर. त्याचं फ्रेंच वाईट होतं, पण सांगणं आणि दाखवणं हे दोन शब्द त्याला वेगळे माहीत होते."

इनास, मी तुला दर वर्षी नाही म्हणालो. ब्लड प्रेशर, मुलाची परीक्षा, मनालीची नोकरी, दर वेळी खरं कारण असायचं. तू दर वेळी म्हणायचास, वरून किती बघशील, एकदा खाली ये. या वर्षी तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, कंटाळलास.

सोलांज म्हणाली, "मी उद्या सकाळी निघते. पेट्या खाली बांधू की वर?"

मला तुझ्यासारखं उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, "खालीही बांधा, वरही बांधा. आणि होडी थांबेल तिथपर्यंत न्या."

"बरं," ती म्हणाली. मग लगेच, "आणि गावातल्या खोलीचं काय करू? दोन खाटा टाकून ठेवल्या आहेत."

"दोन कशाला?"

"इनासनं सांगितलं होतं. या वेळी सतीश येणार, सगळं ठरलंय, असं म्हणाला. तुम्हाला मासे चालतात, तिखट जास्त लागतं, हेही सांगून ठेवलंय."

ठरलंय? कुणाचं ठरलंय? मला एका शब्दानं विचारलं नाहीस, इनास.

"मस्यू सतीश? एक खाट काढून टाकू का?"

"एक काढा," मी म्हटलं. "एक राहू द्या."